आतून आवाज यायला हवा

दोष त्याच्या बापाचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी "दोघांचंही थोडं थोडं चुकलं" म्हणत मध्यस्थी करायला नको. आईचा दोष होता, शिकवणाऱ्या सरांचाही होता, पण तो किरकोळीतला. मुख्य दोष बापाचा.

मी गिटार बोलतेय. हॉलमध्ये टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेली आहे.

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याला कारण आहे. माझ्या पोटात एक कागद चिकटवलाय. मी हाताने घडवलेली आहे असं त्यावर छापलंय. प्रत्यक्षात ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे मला हात लागला तो खोक्यात भरणाऱ्या बाईचा, तोही हातमोजा घातलेला. पुढे दुकानात विक्रेता माझ्या पाठीवर टकटक करून "अस्सल लाकूड आहे" म्हणायचा. प्लायवूड आहे ते. टकटक करणाऱ्याला कळत नव्हतं आणि मान डोलावणाऱ्यालाही नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, मला खाली उतरवायचं, येत असलेला एकुलता एक तुकडा वाजवायचं, कोण बघतंय का ते बघायचं आणि परत लटकवून जायचं. तेव्हापासून मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. बोटांकडे बघते.

एक दिवस लंबू आला. उंच, खांद्यात वाकलेला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने काहीच वाजवलं नाही. एक तार छेडली आणि ती पार विरून जाईपर्यंत कान लावून बसला. मला वाटलं, याला काही येत नसणार, लाज झाकतोय. मग त्याने पुन्हा तेच केलं, दुसऱ्या तारेवर. विक्रेता कंटाळून निघून गेला. मी मात्र कंटाळले नाही.

तो मला घरी घेऊन आला. तिथे त्याचा बाप होता.

बाप बाटल्या भरण्याच्या कारखान्यात दुपारपाळीचा सुपरवायझर, म्हणजे सकाळभर घरी. यंत्रांच्या मधोमध काचेची केबिन, आणि त्यात हा पाठ करून बसायचा. बघायची गरज नसे. कोणतं यंत्र मंदावलं, कुठला पट्टा अडकला, सगळं कानाने कळायचं. आवाज बंद म्हणजे काम बंद, हे त्याचं आयुष्यभराचं शिक्षण. घरीही तसंच. पलंगावर पडल्या पडल्या "पंप कोरडा चाललाय" म्हणून ओरडायचा, आणि पंप खरोखर कोरडा चाललेला असायचा. बरोबर ठरायचा, हाच तर घोळ होता. सारखं बरोबर ठरलेल्या माणसाला तो कशात चुकतोय ते सांगणार कोण?

लंबूने कॉलेज सोडलं ते जेवताना सांगितलं.

"सोडलं म्हणजे?"

"नाव काढून आलो. संगीत महाविद्यालयात गिटारला जागा असतात. परीक्षा घेतात. ती देणार."

"आणि नाही मिळाली जागा?"

"तर तुमच्याकडे पॅकिंगला येतो."

"बाबा, स्टॅम्पपेपर आणू का?" त्याची ताई म्हणाली.

"तू गप जेव," सुपरवायझर म्हणाला. मग त्याने हात धुतले, पुसले, आणि अट घातली. "घरात बसून कर. मी काही येऊन बघणार नाही. पण मला आतून आवाज यायला हवा."

"एवढंच म्हणतायत ना ते," आई म्हणाली, "कर की मग."

एवढंच! या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे.

गिटार शिकवणारे सर गल्लीच्या टोकाला एका दुकानाच्या माळ्यावर शिकवायचे. मला तेही संशयास्पद वाटले. शिकवताना घड्याळ बघायचे, चहा प्यायचे, जांभई दाबायचे. पण जे सांगायचे ते खरं होतं. लंबू परीक्षेचा तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा वाजवायला लागला की ते हात वर करायचे.

"कुणासाठी वाजवतोयस? पहिल्या दोन ओळी तुला येतात. त्या वाजवून स्वतःची पाठ थोपटतोयस. अडतं कुठे?"

"तिसऱ्या ओळीत. हात वरून खाली उडी मारतो तिथे."

"मग तिथेच बस. आधी न वाजवता बघ, कुठलं बोट कुठून निघून कुठे जातंय. मग इतकं हळू कर की चुकायला जागाच राहणार नाही. मग गिटार खाली ठेव, पाणी पी, खिडकीतून बाहेर बघ, परत ये."

"रोज किती वेळ करू, सर?"

"लक्ष असेल तेवढा. लक्ष उडाल्यावर जे चालतं तो सराव नसतो, ती सवय असते. सवय चुकीचीही तेवढीच पक्की लागते. आणि हात दुखला की बंद. तेवढ्यापुरता नाही, त्या दिवसापुरता."

लंबूला पटलं. मला तर दुकानापासूनच पटलेलं होतं, विचारलं कुणी नव्हतं.

घरी पहिल्याच दिवशी तो तिसऱ्या ओळीवर थांबला. डावा हात माझ्या मानेवर ठेवून बघत बसला. बाहेरून आवाज आला,

"बंद का झालं?"

"बघतोय, बाबा."

"काय बघतोयस?"

"बोट."

"बोटात काय बघायचंय? जन्मल्यापासून तेच आहे."

ताई हसली. लंबूने पुन्हा वाजवायला घेतलं. पुन्हा तिसऱ्या ओळीवर थांबला. बाहेर पेपराची घडी घातल्याचा आवाज झाला आणि चपला दारापर्यंत येऊन थांबल्या. दार उघडलं नाही. बाप फक्त उभा राहिला. दाराखालच्या फटीतून त्याचे अंगठे मला दिसत होते.

हळू वाजवलं की "झोप येतेय का?" तीच जागा पुन्हा पुन्हा घेतली की "अडकलंय काहीतरी, पुढे जा." मला खाली ठेवलं की दारावर थाप. मग सुपरवायझर सरांकडे गेला आणि विचारून आला, की माझा मुलगा घरी निम्मा वेळ गप्प बसतो, हे तुम्ही शिकवता का? सरांनी एवढं तरी म्हणायचं होतं की हो, मीच शिकवतो. पण सर म्हणाले, "तसं काही नाही, ज्याची त्याची पद्धत असते, तुम्हाला योग्य वाटेल तसं." ज्याला खरं माहीत होतं त्यानेच शेपूट घातलं. शिकवणी बंद झाली. मला या मोठ्या माणसांचं हेच कळत नाही. पोरांसमोर वाघ, आणि समोर दुसरा मोठा माणूस आला की मांजर.

मग लंबू थांबेनासा झाला. बसला की सुरू, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, लगेच पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या ओळीतली उडी रोज चुकायची. चुकली तरी थांबायचं नाही, म्हणून तो ती रेटून न्यायचा, आणि होता होता ती ठेच त्या तुकड्याचाच भाग झाली. बाहेर सुपरवायझर खूश. "आता कसं चाललंय!" म्हणायचा. जसं काही मी बाटल्याच भरतेय.

लंबू मूर्ख नव्हता. त्याने स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड केलं, छोटा स्पीकर दाराजवळ ठेवला आणि लावून दिलं. मग माझ्या तारांखाली हात पुसायचा टॉवेल सरकवला, म्हणजे आवाज दबतो, आणि तिसरी ओळ घेऊन बसला. बाहेर रेकॉर्ड घडाघडा वाजतंय आणि आत हा एक बोट उचलून ठेवतोय, परत उचलतोय. थांबतोय. पाणी पितोय. खिडकीपर्यंत जाऊन येतोय. सुरुवातीला मला वाटलं, ही नुसती थेरं आहेत. पण काही दिवसांनी त्याचा हात वरून खाली आला आणि बोटं नेमकी जागेवर पडली. तो हसला नाही. पुन्हा करून बघितलं. पुन्हा पडली. मग ओळीच्या मधूनच सुरू करून बघितलं, मग शेवटून. या घरात झालेला खरा सराव तेवढाच.

पण रेकॉर्ड करताना कधीतरी दारावरची बेल वाजली होती, तीही त्यात आली होती.

सुपरवायझर उठायचा, दार उघडायचा, बाहेर कुणी नसायचं. "कार्टी बेल वाजवून पळतात," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याने शेजाऱ्यांच्या मुलांना दम दिला. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी भांडण झालं. काकू म्हणाल्या, "आमची मुलं शाळेत असतात हो त्या वेळी. तुमचे कान तपासून घ्या." त्याच्या कानांवरच शंका घेतली म्हटल्यावर हा पेटला. पुढच्या दिवशी दार उघडं टाकून, बेलच्या बटणावर स्वतःचा हात ठेवून उभा राहिला. आणि बेल वाजली. खोलीतून.

या वेळी दार उघडलं.

दाराजवळ स्पीकर वाजतोय, लंबू पलंगावर, मी त्याच्या मांडीवर, तारांखाली टॉवेल.

"फसवतोस मला? माझ्या घरात?"

"बाबा, मी सराव करत होतो."

"टॉवेल घालून?"

"हो. ऐका ना, तिसरी ओळ आता येतेय. एकदा वाजवून दाखवतो."

"यंत्रावर टॉवेल टाकून रेकॉर्ड लावलं तर माल निघतो का?"

"मी माल काढत नाहीये, बाबा."

"ते दिसतंच आहे!"

स्पीकर कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. लंबू आईकडे बघत होता. तिने इतके दिवस रोज खोलीत पाणी नेऊन ठेवलं होतं. टॉवेल बघितला होता, सगळं बघितलं होतं. ती म्हणाली, "माफी माग आणि मिटव बाबा. कशाला त्यांना चिडवतोस?" त्याने माफी मागितली. सराव केल्याबद्दल.

त्यानंतर सुपरवायझर खोलीतच खुर्ची टाकून बसायला लागला. चहा घेऊन. पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. जमलेली उडी पुन्हा चुकायला लागली. बापासमोर घाई व्हायची, आणि घाईत बोटं जुन्याच वाटेने जायची.

परीक्षेला एक बाई होत्या, केस बारीक कापलेल्या, शांत. लंबूने पूर्ण तुकडा वाजवला, ठेचेसकट.

"बरं. आता ही तिसरी ओळ, इथून घ्या," त्या म्हणाल्या.

"सुरुवातीपासून घेऊ?"

"नको, इथूनच. घाई नाही. बघा, मग वाजवा."

या जगात कुणीतरी त्याला थांबायला सांगत होतं. त्याने बोटं माझ्या तारांवर आणली आणि ती तशीच राहिली. खोलीत शांतता झाली. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी घसा खाकरला. कोण ते आम्हा दोघांनाही कळलं. लंबूची पाठ ताठ झाली आणि त्याने धडधडत पहिल्या ओळीपासून सुरू केलं, तिसरीत ठेच लागली, पुढे गेला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांचं सौजन्य.

"पुढच्या प्रवेशाला पुन्हा या," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे. सरावाची पद्धत बदला."

बाहेर आल्यावर लंबूने हे जसंच्या तसं बापाला सांगितलं. सुपरवायझरने मान डोलावली. "तेच म्हणतोय मी. सराव वाढव."

आणि वाढवला. लंबूने नकार का दिला नाही, असं तुम्ही विचाराल. शब्द दिला होता म्हणून, आणि पॅकिंग टळेल या आशेवर. मला विचाराल तर त्याने मला आपटायला हवं होतं. प्लायवूडच आहे मी.

मला आधी कळलं. त्याची करंगळी तार पुरती दाबेना, तार फरफरायला लागली.

"बाबा, मनगटातून कळ येतेय."

"कामाची सवय नाही म्हणून. आमच्याकडे बायका अख्खी पाळी उभ्या असतात."

लंबू दात दाबून वाजवत राहिला. मग एके सकाळी त्याला शर्टाचं बटण लावता येईना. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "हे आजचं नाही. दुखायला लागलं तेव्हाच थांबायला हवं होतं." ताई बरोबर गेली होती, तिने घरी येऊन सांगितलं की त्यावर बाबा छाती पुढे काढून म्हणाले, "थांबलाच नाही हो तो, डॉक्टर. एक दिवससुद्धा नाही."

मला भिंतीवर टांगलं तेही बापानेच. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवतो. "आमचे चिरंजीव वाजवायचे. चिकाटी नव्हती." मागे एकदा लंबू तिथेच बसला होता. तो उठला नाही, ओरडलाही नाही.

"मला थांबू दिलं असतंत तर आलं असतं, बाबा."

"म्हणजे चूक माझी?"

"हो."

पाहुण्यांनी कपाकडे बघितलं. आई म्हणाली, "चहा गार होतोय." सुपरवायझरने टीव्हीचा आवाज वाढवला.

तुमच्या घरात कुणी काही शिकत असेल, आणि बंद दारामागून एकदम आवाज येईनासा झाला, तर हाक मारू नका. चपला वाजवत दारापर्यंत जाऊ नका. आत काहीच होत नाहीये असा संशय येईल. येऊ दे. तो गिळा आणि बसून राहा. तेवढं तुम्हाला जमेल असं मला वाटत नाही, पण सांगून ठेवलं.

लंबूला जागा मिळाली नाही. कॉलेज सुटलं ते सुटलंच. तो पॅकिंगला जातो, आणि त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण मिटत नाहीत.