इस्क्रा, दार लाव!

शेवटी मी नीट बंद झालो आणि इस्क्रा पुन्हा पाण्यात उतरली. पण ते असू द्या. तसं काही घडलेलंच नाही असं समजा. मी अजून अर्धवट उघडा आहे आणि घरात सगळे घाबरलेले आहेत.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणजे आठवडाभराचा. आमच्यात एवढं वय झालं की मोडीत काढतात आणि त्याच नमुन्याचा नवा दरवाजा त्याच जागी बसवतात. सरकारी खुर्चीसारखं आहे हे. माणूस बदलतो, सवयी तिथेच राहतात. म्हणून मी 'मी' म्हणालो की आमचं अख्खं घराणं समजा.

माझा पत्ता: झ्रेन्यानिन गाव, इस्क्राचं डोकं, एका मज्जापेशीची भिंत. मी प्रथिनाचा आहे. हुकूम आला की उघडायचं, मिठातल्या सोडियमचे कण आत सोडायचे आणि पापणी लवायच्या आत मिटायचं. त्या कणांवर विजेचा भार असतो. ते आत शिरले की पेशी शेजारणीला निरोप देते. तुम्ही आत्ता हे वाचताय ते आमच्यासारख्या असंख्य दरवाजांच्या उघडझापीवर. आभार मानायची गरज नाही. मानतही नाही कुणी.

पेशी जनुकात लिहिलेली कृती वाचून आम्हाला घडवते. इस्क्राच्या कृतीत जन्मापासून एक अक्षर भलतंच आहे. त्यामुळे माझी खिट्टी पुरती बसत नाही, फट राहते. फटीतून सोडियम झिरपतो, पेशी विनाकारण चेकाळते आणि शेजारणींना ओरडून उठवते. "गप्प बसा" म्हणणाऱ्या पेशीही असतात, पण त्या किती जणींना आवरणार? मग सगळी आळी एका सुरात ओरडू लागते. बाहेरून त्याला फिट म्हणतात.

इस्क्रा म्हणजे ठिणगी. नाव ठेवताना आईवडिलांना कल्पना नव्हती.

ती वॉटर पोलोच्या संघाची गोलरक्षक. म्हणजे आम्ही दोघं एकाच धंद्यातले. ती कामात बरी. गेल्या ऑक्टोबरात सरावातच तिला फिट आली आणि डोकं पाण्याखाली गेलं. प्रशिक्षक ओब्राद यांनी कपड्यांसकट उडी मारली. तोंडातली शिट्टी काढायला वेळ नव्हता, त्यामुळे तिला काठावर आणेपर्यंत त्यांच्या प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, आणि शेजारी बसून राहिले. फिट थांबली. शिट्टी जरा उशिरा थांबली.

"मी सांगत होते!" घरी देसांकाआत्या म्हणाली. "ओले केस, आणि त्यात प्रोमाया!"

समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मधून जो वारा वाहतो, ती प्रोमाया. आमच्या गावात मान धरते ती तिच्यामुळे, दाढ दुखते ती तिच्यामुळे, आणि आत्याच्या मते तिचा घटस्फोटही तिच्यामुळेच. जुलैच्या कडक उन्हाळ्यातही आत्या बसच्या खिडक्या लावून घेते.

डॉक्टर कोर्नेलियांनी पोहणं बंद केलं. पहिली गोळी "गप्प बसा" म्हणणाऱ्या पेशींना बळ देणारी होती. इस्क्रा वर्गात झोपू लागली. माझी फट तशीच, फिटही तशाच. मग जनुकाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी इस्क्राला आणि आत्याला समोर बसवलं.

"हिच्या डोक्यातल्या पेशींना बारीक बारीक दारं आहेत. त्यातलं एका प्रकारचं दार घट्ट लागत नाही."

आत्याने टेबलावर हात आपटला. "म्हणजे प्रोमायाच की!"

"आत्या, गप ना गं," इस्क्रा पुटपुटली.

डॉक्टरांनी बराच विचार केला. "खरं सांगू? मला याहून बरं सांगता आलं नसतं."

आत्याने हे बाजारात भेटेल त्याला सांगितलं. मासेवाल्याला दोनदा.

नवी गोळी थेट माझ्यासाठी होती. तिचे कण येऊन मला मिटलेला धरून ठेवतात, कामापुरता तेवढा उघडू देतात. ज्याचं दुसरंच दार बिघडलंय त्याला हीच गोळी बाधू शकते, म्हणून आधी दार ओळखावं लागतं. वसंतापर्यंत फिट आली नाही, तर काठावर जादा माणूस ठेवून खेळायला हरकत नाही, असं ठरलं.

तेव्हापासून आत्या सकाळ-संध्याकाळ एकच आरोळी ठोकते. "इस्क्रा! दार लाव!" म्हणजे गोळी घे. पहिले काही दिवस वरखालचे शेजारीही उठून आपापली दारं लावत.

हिवाळा कोरडा गेला. फिट नाही. मे महिन्यात संघाची बस सुबोतित्सा शहरातल्या सामन्याला निघाली. गोळीची वेळ झाली, पण इस्क्राने ती मुठीतच ठेवली. सगळ्या मुली बघत होत्या. मी अस्वस्थ झालो. माझी फट मला ठाऊक आहे.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्याचा आवाज ऐकायला फोन कानाला लावावा लागत नाही.

"दार लाव!"

चालकाने दचकून बसची दारं तपासली. मुलींनी मुकाट्याने खिडक्या लावल्या.

"कुठलं दार गं?" कर्णधार मिलियाना घाम पुसत म्हणाली.

 इस्क्राने मूठ उघडली. "माझ्या डोक्यातलं. ही त्याची खिट्टी." आणि सगळ्यांदेखत तिने गोळी गिळली.

"मग आधी बोलायचं ना, बये! उकडून मेलो असतो. उघडा गं खिडक्या!"

त्या दिवशी इस्क्रावर सात गोल झाले. माझ्यातून फुकटचा एकही कण गेला नाही. ती पाण्यातून हसत बाहेर आली.

मित्रांनो, कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, कांदा हुंगवू नका, थांबत नसेल तर मदत बोलवा, आणि नंतर तिला पूर्वीसारखंच चिडवा. गोळी मात्र चुकू देऊ नका. आमची चुकीची कृती पेशीतल्या दरवाजे घडवणाऱ्या कारखान्यात पोचण्याआधीच अडवायची, यावरही प्रयोगशाळांत काम चाललंय. म्हणजे मी घडणारच नाही. माझा पाठिंबा आहे. तोवर हा अर्ज:

प्रति,
मा. व्यवस्थापक, दरवाजे बांधकाम विभाग, मज्जापेशी.
विषय: अर्जदाराची पुन्हा निर्मिती न करण्याबाबत.

महोदय, अर्जदारास उद्या मोडीत काढण्यात येणार आहे. तरी चुकलेलं अक्षर दुरुस्त करूनच पुढील दरवाजा बसवावा, आणि सेवेची दखल म्हणून अर्जदारास पुढच्या सामन्यात गोलामागे एक खुर्ची मिळावी. खुर्ची प्रोमायात नसावी, ही नम्र विनंती.