पाठीवरचे सात निळे टाके

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. 'जुनी' हा शब्द मी मुद्दाम मिरवून सांगते, कारण आमच्या जातीत म्हातारपण फार थोड्यांच्या वाट्याला येतं. दारात पाहुणा आला की आमच्यातली एक कमी होते, आणि डेड्झाच्या डोंगराखालच्या आमच्या गावात पाहुण्यांना काही तोटा नाही. तरीही मी आठ पावसाळे पाहिले. माझ्या पाठीवर तळहाताएवढं टक्कल आहे आणि त्यावर निळ्या दोऱ्याचे सात टाके आहेत. पोरं ते बघून हसतात. हसू देत. मी आठ पावसाळे पाहिले ते त्या टाक्यांमुळेच.

माझा जन्म नाफिरीच्या अंगणात, मक्याच्या कणगीखाली झाला. आम्ही नऊ भावंडं होतो. चार घारीने नेली, तीन पाहुण्यांनी. नाफिरी ही सहा मुलींची आई. तिचा आवाज उखळात मुसळ पडावं तसा, आणि नजर अशी की अंडं कुठं लपवलंय ते आम्हाला आठवायच्या आधी तिला कळायचं.

तिची धाकटी मुलगी एनेलेसी. तिचं लग्न लेमानी नावाच्या शिंप्याशी झालं. आमच्याकडे लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो, तसा तो आपलं पायमशीन सायकलवर बांधून आला आणि सासूच्या कुंपणाला लागून त्याने झोपडी बांधली. नव्या जावयावर सगळ्या गावाचा डोळा असतो. कुदळ नीट धरतो का, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, न्सीमाचे, गोळे किती गिळतो, सगळं मोजलं जातं. त्यातून सासू-जावयाने एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही आणि सरळ बोलायचं नाही, असा रिवाज. काही सांगायचंच झालं तर एनेलेसीमार्फत. ती घरात नसली तर समोर जे असेल त्याला सांगायचं. शेळीला, उखळाला, नाहीतर कोंबडीला. असे कितीतरी निरोप माझ्या कानांवरून गेले आहेत.

नाफिरीने मला, म्हणजे तिच्या ठिपकीला, लेकीकडे अर्ध्या वाट्याने पाळायला दिलं. पिल्लं निम्मी तुमची, निम्मी माझी, कोंबडी मात्र माझीच. हा व्यवहार आमच्याकडे जुना आहे आणि त्याचा नियमही जुना आहे. कोंबडी मेली तर पाळणाऱ्याने त्याच दिवशी तिचे पाय आणि डोकं मालकिणीला नेऊन दाखवायचं आणि कशाने मेली ते सांगायचं. दाखवलं नाही तर लोक समजतात, खाल्ली. आणि सासूची कोंबडी खाणाऱ्या जावयाने आपली चटई आपणच गुंडाळलेली बरी.

आता लेमानीची चूक सांगते. शाळेचे गणवेश शिवायचे दिवस होते. इस्त्रीला सपाट काही मिळेना, म्हणून त्याने आमच्या खुराड्याच्या दाराची फळी काढून घेतली. संध्याकाळी परत लावायला विसरला, नुसतं पोतं अडकवलं. सूर्य उगवता उगवता पोतं हललं आणि मुंगूस आत आलं. बाकीच्या कलकलाट करत उडाल्या. मी दाराजवळ होते. त्याने मला पाठीला धरलं आणि कणगीखालपर्यंत फरफटत नेलं. तेवढ्यात लेमानी लुंगी सावरत, हातात तापायला ठेवायची इस्त्री घेऊन धावला. इस्त्री नेम धरून मारली, नेम चुकला, पण मुंगूस पळालं. पाठीची कातडी सोलून लोंबत होती. मला वाटलं, संपलं आता.

"अहो, आईला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं," एनेलेसी म्हणाली.

"मेली असती तर पाय घेऊन गेलो असतो! ही तर बघतेय माझ्याकडे. जिवंत कोंबडीचे पाय कसे दाखवू? आणि फळीचं काय सांगू?"

"मग आधी हिला जगवा. नुसता घाम काय पुसताय!"

लेमानीने मला घरात आणलं. कोमट पाण्यात मीठ घालून जखम धुतली, माती आणि पिसांचे तुकडे एकेक करून वेचले. एनेलेसीने मला मांडीवर धरून माझे डोळे ओढणीच्या टोकाने झाकले. मग त्याने सुई उकळली आणि गणवेशाचा निळा दोरा ओवला. चाळीस पोरांच्या चड्ड्या शिवणारा माणूस, पण पहिल्या टाक्याला त्याने तीनदा सुई टेकवून मागे घेतली. प्रत्येक टाक्याला तो "झालं हं, झालं" म्हणायचा, आणि झालेलं काही नसायचं. टाक्यांवर कोरफडीचा गर लावला. माशा बसू नयेत म्हणून मला मोठ्या टोपलीखाली ठेवून वर धुतलेलं फडकं टाकलं. बाकीच्या कोंबड्यांना जवळ फिरकू दिलं नाही, आणि ते बरंच केलं. आमच्या जातीचा एक वाईट गुण आहे, मित्रांनो. लाल दिसलं की आम्ही टोचतो. मग ती सख्खी बहीण का असेना.

त्याच संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला. "एनेलेसी, माझी ठिपकी दिसत नाही ती?"

"अंड्यांवर खुडूक बसलीय, आई."

"कालपर्यंत तर राखेत लोळत होती!"

"आज सकाळीच बसली. घरातच टोपलीखाली ठेवलीय."

"बरं. बसलेल्या कोंबडीला बघू नये. एकवीस दिवसांनी पिल्लं बघायला येते."

घरात लेमानीने कपाळावर हात मारला.

दोन दिवस मी चोच उघडली नाही. तो फडक्याचा बोळा भिजवून थेंब थेंब पाणी माझ्या चोचीला लावायचा. तिसऱ्या दिवशी कुठलंसं वारूळ फोडून पानभर वाळवी घेऊन आला आणि एकेक किडा माझ्यापुढे धरून बसला. मशीन तसंच उघडं पडलेलं, गिऱ्हाईक बाहेर हाका मारतंय. मला त्याची दया आली. एक किडा खाल्ला. तो असा ओरडला की गिऱ्हाईक घाबरून आत डोकावलं. दुसऱ्याच दिवशी मी मक्याचा कोंडा मागायला लागले. जीव वाचतोय हे मला तेव्हा कळलं, आणि ते फार गोड वाटलं.

पण एक खोटं पाळायचं तर त्याला दाणापाणी लागतं. पिल्लं आणायची कुठून? सहाव्या दिवशी लेमानीने शेजारच्या मावशीचा झगा फुकट आखूड करून दिला आणि बदल्यात अकरा अंडी आणली. हळूच माझ्या पोटाखाली सरकवली. कुणी सांगितलं म्हणून कोंबडी खुडूक बसत नाही. पण टोपलीखालचा अंधार, अंगात थोडी कणकण, आणि पोटाला लागलेली ती गुळगुळीत अंडी. मी बसले. मनापासून बसले.

एकविसाव्या दिवशी एनेलेसी हातपंपावर गेली होती. लेमानी मशीनवर होता. नाफिरी आली. रिवाजाप्रमाणे त्याच्याकडे पाठ करून माझ्यापुढे उकिडवी बसली.

"कोंबडे, एकवीस दिवस झाले. पिल्लं कुठं आहेत?"

मशीन थांबलं. तिने टोपली उचलली आणि माझ्या पाठीवर वाकली.

"अंड्यावर बसलेली कोंबडी पोटाची पिसं उपटते, हे मला माहीत होतं. पाठीची उपटणारी आजच बघतेय. आणि वर शिलाई!"

लेमानी उठून उभा राहिला. मान खाली घालून माझ्याशीच बोलला, "कोंबडे, त्यांना सांग, खुराड्याची फळी मी इस्त्रीला काढली होती. मुंगूस माझ्यामुळे शिरलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. भीती वाटली."

"त्याला सांग, कोंबडे, तुझी पिसं मी त्याच दिवशी कणगीखाली पाहिली. म्हटलं, हाणली वाटतं जावयाने. तीन संध्याकाळी कुंपणाला नाक लावून बसले, रश्शाचा वास येतो का म्हणून. आला नाही. मग कुंपणाच्या फटीतून रोज त्याच्या उघड्या दारात बघत होते. कोंबडीला घास भरवणारा पुरुष मी एवढ्या आयुष्यात पाहिला नव्हता."

तिने टाक्यांवरून बोट फिरवलं. एरवी उखळ फोडणारं ते बोट तेव्हा फार हलकं लागलं.

"टाके एकसारखे आहेत. त्याला सांग, माझा चर्चला जायचा झगा काखेत उसवलाय, उद्या पाठवते. फळी जागच्या जागी लाव म्हणावं. आणि पुन्हा खोटं बोलायची वेळ आली, तर अंडी त्याच दिवशी ठेवायची. एवढं तरी!"

टोपली तिने अलगद माझ्यावर ठेवली. पाठमोरी जाताना तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

सहा दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. चार तुमची, चार माझी, आणि वरचं एक डॉक्टरचं, असं नाफिरीने मलाच सांगितलं. त्यानंतर कितीतरी पाहुणे आले, पण माझ्याकडे कुणी सुरी घेऊन वळलं नाही. "शिवलेली कोंबडी नको गं बाई, पाहुण्याच्या दातात दोरा अडकायचा," असं नाफिरी सगळ्यांना ठसक्यात सांगते. लेमानीने दोरा कधी काढलाच नाही. दुखेल म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या अंगणात कुणी मुकं जनावर असेल, तर दिवस मावळायच्या आत त्याचं दार नीट लावा. विसरलात तर त्याच दिवशी कबूल करा. आणि जखमी झालं तर हे मरणारच, असं म्हणून उठून जाऊ नका. थोडं बसा. एखादा किडा भरवून बघा.

लेमानी आता रोज संध्याकाळी आमची फळी लावतो आणि तिच्यावर दोनदा टकटक करतो, कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशी. पलीकडून नाफिरी एकदा खोकते. मग मी डोळे मिटते.