दुपट्याचा दुसरा तुकडा

नळीने गुळकन आवंढा गिळला आणि बादलीत पडणारी धार तुटली.

रंजिता मोरीत उकिडवी बसली होती. आठ दिवसांपासून घर इतकं गप्प होतं, की तेवढ्या आवाजानेही ती दचकली. तिने ड्रममधली नळी हलवली. पाणी सुरू झालं. सोडली, पुन्हा बंद. खांद्यापर्यंत हात घालून तिने तळ चाचपला. ड्रमच्या तोंडाला बांधलेलं गाळायचं फडकं सुटून आत पडलं होतं आणि नळीला गच्च चिकटलं होतं.

पिवळं फडकं, बारीक निळ्या फुलांचं. लेकीचं, रीमाचं तान्हेपणीचं दुपटं फाडून तिनेच दोन तुकडे केले होते. एक इथे. दुसरा?

ती फडकं मुठीत धरूनच उठली.

अंगणात ट्रक उभा होता, पंधरा वर्षांचा; तिचा नवरा दीपेश आणि काळूराम मिस्त्री त्याच्यापाशी खटपट करत होते. उभ्या उभ्या इंजिन गोड चालायचं. माल भरून वडप्याच्या गोदामातून निघालं, की थोड्या वेळाने मिसिंग सुरू. गाडी गचके खायची, बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं, की जसं काही झालंच नव्हतं. काळूराम मिस्त्रीने फिल्टर बदलला, नोझल तपासून आणले, पाइपातली हवा काढली. तरी कसाऱ्याच्या घाटात ती पुन्हा अडली, तेव्हा दीपेशने ठरवून टाकलं, डिझेलमध्ये भेसळ आहे, कुणीतरी चांगलं विकून टाकीत रॉकेल ओतलंय. आणि त्या आठवड्यात गाडी होती विकीच्या हातात, त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या.

आठ दिवसांपूर्वी विकीने रीमाच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"पोरीची शप्पत, दादा. एक थेंब विकला न्हाय."

दीपेशने तो हात हिसडून काढला होता. ओट्यापाशी उभ्या रंजितानेही चटकन पुढे होऊन पोरीला आपल्याकडे ओढून घेतलं होतं. विकीने दादाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं होतं. मग पिशवी उचलून तो अंबाडीला मावशीकडे गेला. आज चार वाजता तो कुणाच्या तरी ट्रेलरवर चेन्नईला निघणार आहे, आता परत यायचं नाही म्हणतोय, असा मावशीचा सकाळी फोन आला होता.

दोन वाजून गेले होते.

"काळूरामदादा," ती म्हणाली, "टाकीतला पाइप वर काढून बघता?"

"आता मोरीतून पण मिस्त्री यायला लागले," दीपेश म्हणाला.

"बघू की," काळूराम टाकीपाशी वाकला. "समदं बघून झालंय. वयनीचंपण बघू."

एकेक स्क्रू सुटताना तिला तो दिवस लख्ख आठवला. गाडी दारातच कोरडी पडली होती. विकीने कॅनमधून डिझेल आणून दिलं, तू ओत वयनी, मी आंघोळ करतो, म्हणाला. कॅनमध्ये कचरा दिसला. सासूची शिकवण होती, गाळल्याशिवाय काही ओतायचं नाही. तिने टाकीच्या तोंडात फडकं धरलं. तेवढ्यात आत रीमा पडली, रडली. ती धावली. परत येऊन उरलेलं ओतलं तेव्हा फडकं नव्हतं. वाऱ्याने गेलं असेल, असं तिला वाटलं होतं. एवढंच.

पाइप वर आला. तोंडाला काळा बोळा गुंडाळलेला.

"आरं, फडका हाय ह्यो," काळूराम म्हणाला. "चढाला इंजिन डिझेल जोरात वढतं, तवा ह्यो तोंडाला बसायचा. गाडी थांबली, की सुटून तळाला."

दीपेशने ते फडकं पिळून मडगार्डवर टाकलं.

"म्हंजे भेसळ न्हाय," तो सावकाश म्हणाला. "मुद्दाम कोंबलं त्यानं. माझी गाडी बसवायला. एवढा डूख धरला माझ्यावर."

काळूरामने मान खाली घालून हात पुसले.

रंजिताच्या मुठीतून पाणी तिच्या पावलावर ठिबकत होतं. मूठ तशीच मिटून ती आत गेली असती, तर कुणी काही विचारलं नसतं. बादली अर्धी भरायची राहिलीच होती.

तिने मूठ उघडली आणि पिवळं फडकं काळ्याशेजारी मडगार्डवर पसरलं. फाडलेली कड कडेला लागली. काळ्याच्या एका कोपऱ्यात दोन निळी फुलं अजून होती.

"मी गाळून ओतलं होतं," ती म्हणाली. "पाणी गाळते तसं."

दीपेश ओरडेल म्हणून ती उभी राहिली. तो ओरडला नाही. हात पँटला पुसून त्याने विकीला फोन लावला. रिंग वाजून थांबली. पुन्हा लावला, पलीकडून कट झाला. तिच्याकडे न बघताच त्याने आपला फोन खिशात टाकला.

"तू लाव. तुझ्या नंबरवरनं."

तिने आपला फोन आणून लावला. रीमा कधी बाहेर आली, कळलं नाही. चाकापाशी उभी राहून ती मडगार्डवरच्या दोन तुकड्यांवरून बोट फिरवत होती.

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. विकीच्या मागे कुणीतरी साखळदंड ओढत होतं, एक इंजिन चालू होतं.

रीमाने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला.

"आई, काका खरं बोलत होता ना? मग तू मला का ओढून घेतलंस?"