लगीनसराईपुरता दात

बासष्ट सालची लगीनसराई. बडनेऱ्याच्या आमच्या बँडात क्लॅरोनेट वाजवणारा मी एकटाच, आणि माझा वरचा पुढचा दात नेमका तेव्हाच हलायला लागला. क्लॅरोनेट वरच्या दातांवर टेकते. दात गेला की हा रऊफ मास्टर घरी बसला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

अमरावतीचे दातांचे डॉक्टर देवीदास म्हणाले, "मधुमेहामुळं हिरड्यांत पू झालाय. हा एक दात काढावा लागेल, बाकीचे वाचतील. पण आधी साखर उतरू द्या, नाहीतर जखम भरणार नाही."

मला तेवढंच हवं होतं. साखर उतरली नाही तर दात निघणार नाही, निदान लग्नं तरी पार पडतील.

माझी बायको फरजाना रोज सकाळी काचेच्या नळीत निळं औषध आणि माझ्या लघवीचे थेंब घालून उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. मला ती मोजून भाकर वाढायची, मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावायची. मी शहाण्यासारखा भरायचो आणि लग्नात मांडवामागे जाऊन चार-चार बुंदीचे लाडू हाणायचो.

"साखर काहून उतरून नाई राहिली?" लाल नळी हातात धरून ती रोज विचारायची. मला माझीच चीड यायची. खरं सांगावं तर दात जाणार, न सांगावं तर ही झुरणार. दोन्हीकडून कोंडलो होतो.

धामणगावच्या एका लग्नात भर वरातीत सूर फाटला. बोटानं चाचपलं, तर वरचे चार दात हलत होते.

फरजानानं मला ओढतच अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी हिरडी दाबली, पू आला.

"साखर चढलेलीच राहिली. आता चारही जातील," ते म्हणाले. "तेव्हा एकच गेला असता, तर शेजारच्या दातांच्या आधारानं खोटा बसवून दिला असता. तुमचं वाजवणं सुरू राहिलं असतं."

फरजाना पुढे सरकली. "डॉक्टरसाहेब, मी यायले सगळं पथ्याचंच देऊन राहिली. माया स्वैपाकात काय चुकलं?"

"तुयं काई नाई चुकलं," मी म्हणालो. "मी लग्नात लाडू खात होतो. दात वाचवाले."

दोन महिने तीही माझ्यासोबत बिनसाखरेचा चहा पीत होती.