दोनदा आलेलं नाव

वधू-वर मेळाव्याची पुस्तिका दुपारी छापायला जायची होती आणि मंडळाचे प्रदीपभाऊ सुरतेतल्या लिंबायतच्या सभागृहात नीलमच्या खुर्चीमागे येरझारा घालत होते. दरवर्षी कितीतरी मुली पुस्तिकेत दोनदा छापून येत. बाप गोडादऱ्याच्या नोंदणी केंद्रावर नाव देई, मामा नवागामच्या. भाचीचं नाव आपल्याकडूनही दिलं नाही तर तो मामा कसला? लोक हसायचे आणि बोलणी प्रदीपभाऊंना खावी लागायची.

नीलम कापड मार्केटात कॉम्प्युटरवर ऑर्डरींच्या फायली सांभाळायची, म्हणून हे काम तिच्याकडे आलं. तिला मात्र वेगळीच धास्ती होती. तिचा नवरा योगेश वारल्यापासून ती सासूजवळच राहत होती. याच यादीत तिच्या भावानं, तिला विचारूनच, तिचंही नाव दिलं होतं आणि सासूला, शोभाआत्यांना, तिनं ते सांगितलं नव्हतं. एकुलता मुलगा गमावलेल्या बाईला आता सूनही जाणार, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? उद्या पुस्तिका घरोघर पोचणार होती.

तिन्ही केंद्रांच्या फायली तिनं एकत्र केल्या, सॉर्ट या कमांडनं ओळी क्रमानं लावल्या आणि युनिक या कमांडला जुळ्या ओळी दाखवायला सांगितलं. एकही आली नाही. प्रदीपभाऊ खूश झाले. नीलमला हसू आलं. बाप मुलीची उंची पाच-दोन लिहितो आणि मामा पाच-चार, मग अख्खी ओळ सारखी येईल कशी, असं तिनं विचारलं. मग कट वापरून तिनं प्रत्येक ओळीतली फक्त मुलीची जन्मतारीख आणि तिचा मोबाइल नंबर वेगळा काढला, कारण तिथे मामालाही काही वाढवता येत नाही. पुन्हा सॉर्ट, कारण युनिक बिचारं फक्त शेजारच्या ओळीशी ताडून बघतं. पुन्हा युनिक. काळ्या पडद्यावर भराभर ओळी उतरल्या. ज्या कामात प्रदीपभाऊंचे डोळे दुखून यायचे, ते चहा निवायच्या आत झालं होतं. मंडळानं तुझा सत्कारच करायला हवा, असं ते अगदी मनापासून म्हणाले.

नीलमचं तिकडे लक्ष नव्हतं. पडद्यावरचा एक नंबर तिचा स्वतःचा होता.

ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला तो नंबर देऊन तिनं पूर्ण नोंदी मागवल्या. दोन आल्या. एक भावानं दिलेली. दुसरी गोडादऱ्याची, भावाच्याही आधीची. पालक: शोभा. नातं: आई. अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी हवा, सुरतेतलाच हवा, आणि जयंतीच्या सणाला पोरीला माहेरी माझ्याकडे पाठवावी.

नीलमनं ती ओळ पुन्हा वाचली. इतके दिवस एकाच चुलीपुढे बसून दोघी एकमेकींना जपत होत्या, आणि पहिलं पाऊल या म्हाताऱ्या बाईनं टाकलं होतं. तिला आत्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. यातली कोणती नोंद ठेवायची ते तूच ठरव, असं हळूच म्हणून प्रदीपभाऊ बाहेर गेले.

तिनं घरी फोन लावला. आपलं नाव यादीत दोनदा आलंय, एवढंच ती कशीबशी बोलली.

"मंग एक खोडी टाक," शोभाआत्या म्हणाल्या. "पण मी देयेल ते ठेवजो. त्यामा तुनी आई मी शे."

नीलमनं भावाची ओळ पुसली.