चिखलातला पाहुणा

“बाराच्या आत परक्या तोंडात एक घास तुझ्या हातानं गेला पाहिजे, दैवशाला. मंगच तुझं ताट. आन् घरचं तोंड धरायचं न्हाई. घरची तोंडं काय, दिवसभर उघडीच असतात.”

माझ्या सासूबाईंनी, गोजरबाईंनी, हे मला दवाखान्यात सांगितलं तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. तशा अवस्थेतही त्यांनी नियमाला पोटनियम जोडला. मी हो म्हणाले. या गोष्टीला बावीस वर्षं झाली आणि देवाच्या कृपेनं एक दिवस चुकला नाही. गोसावी, बोहारीण, गाय, दारात आलेलं कुत्रं, सगळी तोंडं चालतात. निवडणुकीच्या याद्या घेऊन आलेल्या मास्तरांना मी उंबऱ्यात घास भरवलाय. लाईटीचा मीटर बघणारा मुलगा तर आता आमच्या धावडा गावात शिरला की आधी माझं घर चुकवतो.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की त्या शनिवारी आमच्या तलावावर जे झालं ते माझ्या नेमामुळे झालं असं लोक म्हणतात. तसं काही नाही. कल्याणसर चिखलात स्वतःच्या पायांनी गेले.

आकांक्षा माझी भाची, माझ्या भावाची, बद्रीनाथची मुलगी. संभाजीनगरला कॉलेजात शिकते. डिसेंबरात ती माझ्याकडे आली ती गळ्यात कॅमेरा घालून. गावाबाहेरच्या पाझर तलावाचं पाणी ओसरलं की काठाला चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांचे फोटो तिला काढायचे होते. बद्रीनाथनं फोनवर मला बजावलं, “ताई, तू संगं असशील तरच जाऊ दे. पोरगी एकटी तलावावर नको.”

म्हणून मी निघाले. पहाटे चारला उठून पूजा केली, दह्यातले धपाटे केले, डबा भरला. आकांक्षानं वाटेतच माझ्याकडून शब्द घेतला.

“आत्या, तीन गोष्टी. मी सांगेपर्यंत उठायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि पक्ष्यांना काही म्हणजे काही टाकायचं नाही.”

“मोठ्यानं मी कधी बोलले?”

“तिसरी गोष्ट ऐकलीस ना?”

“दिला शब्द,” मी म्हणाले. मनात हिशेब केला होता. नवाला घरी, दहाला गाईला घास, साडेदहाला मी ताटावर.

काठापासून चांगलं लांब, बाभळीखाली, तिनं हिरव्या जाळीचा आडोसा केला आणि आम्ही दोघी त्यात बसलो. उजाडलं तशी चिखलावर हालचाल दिसायला लागली. लाल काटक्यांसारख्या लांब पायांचे शेकाटे आले. पाय इतके लांब, की कुणीतरी घाईत दुसऱ्याचे लावून दिले असावेत. आणि त्यांच्या पायांमधून लगालगा पळणारे चिमणीएवढे टिलवे.

“हे एवढुसे जीव सैबेरियातून आलेत,” आकांक्षा कुजबुजली.

“कुठून?”

“बर्फाच्या मुलखातून. हजारो किलोमीटर उडून.”

माझा हात आपोआप डब्याकडे गेला. तिनं तो धरला.

“आत्या.”

“अगं, पाहुणा आठ दिवसांसाठी जाफराबादहून आला तरी आपण त्याला उपाशी बसू देत न्हाई. आन् हा सैबेरियातून आलाय.”

“त्याचं जेवण चिखलातच आहे. अळ्या, किडे. आपण काही टाकलं की कावळे येतात, कुत्री येतात, आणि यांना उडावं लागतं. परत जायला अंगात चरबी साठवायची असते त्यांना. आपल्यामुळे एकदा उडाले की तेवढी ताकद फुकट गेली.”

मी हात मागे घेतला. मला पटलं. पण पाहुणा समोर चिखल खातोय आणि आपल्या मांडीवर तीळ लावलेले धपाटे आहेत, हे बघत बसणं सोपं नाही. आमच्यात आग्रह करायची पद्धत आहे. ती अशी एकदम बंद होत नाही.

आठ वाजता कल्याणसर आले. हे गृहस्थ शहरातले, नावाजलेले फोटोवाले. आकांक्षा त्यांना ओळखत होती. त्यांचे कपडे पानाफुलांच्या रंगाचे होते, म्हणजे पक्ष्यांना ते झाड वाटावेत. पण झाडाला एवढी ढेरी नसते. कॅमेऱ्याची नळी माझ्या पिठाच्या डब्याएवढी होती. त्यांच्या मागून अंगद आला, तलावातल्या मासळीची राखण करणारा. तोही अंगानं भरलेला.

दोन परकी तोंडं! मी मनातल्या मनात हात जोडले आणि डबा उघडला.

“अंगद, घे बाबा एक घास.”

“काकू, शनिवार हाय. मारुतीचा. दिवस मावळेपस्तोर पाणीबी न्हाई घेत.”

व्रत करणाऱ्याचं व्रत मोडणं हे तर महापाप. मी सरांकडे वळले. “तुम्ही तरी घ्या. बाराच्या आत परक्या तोंडात घास घातल्याबिगर मला जेवायचं न्हाई, असा नेम आहे.”

“नाही मावशी. माझं फास्टिंग चालू आहे. सोळा तासांचं. एकला सुटेल.”

“कोणत्या देवाचं?”

“पोटाचं,” ते म्हणाले आणि पोटावर हात फिरवला. देव बराच मोठा होता.

नऊ वाजले. मी आकांक्षाच्या कोपराला हात लावला. ती म्हणाली, “आता नको गं, बघ, सगळे किती जवळ आलेत. आत्ता उठलीस तर सगळा थवा उडेल.” मी बसले. दहा वाजले. मी शंभरदा नाम घेतलं. पोटात आमचं स्वतःचं भजन सुरू झालं आणि आकांक्षानं मला “शूऽ” केलं.

तेवढ्यात एक टिलवा दिसला, त्याच्या पायात पिवळी पट्टी.

“पायात कडं कुणी घातलं? नवसाचं दिसतंय,” मी म्हणाले.

“अभ्यास करणारे घालतात आत्या. त्यावर अक्षरं असतात. ती वाचली की कळतं हा कुठून आला.”

कल्याणसरांचे डोळे चकाकले. एवढ्या लांबून अक्षरं येत नव्हती. ते सरकत माझ्याजवळ आले आणि गोड आवाजात म्हणाले, “मावशी, तुमचा नेम आहे म्हणता ना? मग थोडं टाका त्या बाजूला. पक्षी जवळ येतील. तुमचं व्रत पूर्ण, माझा फोटो पूर्ण.”

खोटं कशाला सांगू, मी झाकणाची कडी काढली. एक चिमूट. कुणाला कळणार होतं? पक्षी परका, सैबेरियाइतका परका दुसरा कोण मिळणार? आकांक्षानं कॅमेरा खाली ठेवला. नुसती बघत राहिली, लहानपणी मी तिला देवापुढचा पेढा उचलताना बघत असे तशी.

मी कडी परत लावली. “न्हाई सर. पोरीला शब्द दिलाय.”

“मग मीच जवळ जातो,” सर म्हणाले.

“सर, प्लीज नका जाऊ,” आकांक्षा म्हणाली. “ते उडतील. आणि पुढचा गाळ—”

“वरून वाळल्यावानी दिसतो, खाली बिलकुल पोकळ हाय,” अंगद म्हणाला. “मागच्या साली म्हैस फसल्ती.”

“मी काय म्हैस आहे का?” असं म्हणून सर पालथे झाले आणि सरपटत निघाले.

वीस हातांवर कॅमेरा लावायला ते अर्धवट उठले आणि जमिनीनं त्यांना आत घेतलं. मोठा आवाज झाला नाही. फक्त “पच्” असा एक, आणि मग सर कमरेपर्यंत उभे. शेकाटे चार पावलं बाजूला झाले, मान वाकडी करून त्यांनी बघितलं. उडाला मात्र एकही नाही. सरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. वसुदेवानं यमुनेतून टोपली नेली होती अगदी तसा. मी नकळत नमस्कार केला.

“हलू नका,” आकांक्षा कुजबुजली. “हललात की अजून आत जाल.”

“काढा ना मला,” सर कुजबुजले.

“ट्रॅक्टर आणू का?” अंगद कुजबुजला.

“ट्रॅक्टरनं सगळे उडतील,” आकांक्षा.

“उडू दे की गं बेटा!”

“सर, मागच्या महिन्यात तुम्हीच कॉलेजात भाषण दिलंत. पक्षी आधी, फोटो नंतर.”

चिखलातल्या माणसाला स्वतःच्या भाषणाची आठवण करून देऊ नये, पण तरुण मुलांना कोण सांगणार. शेवटी ठरलं की अंगदनं गावात जायचं. तिथं आमचे शेजारी काकासाहेब यांच्या नव्या घराचा स्लॅब टाकायचा होता, तिथल्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि दोर आणायचा. सरांचा जीव धोक्यात नव्हता, खाली पाय टेकले होते. फक्त निघत नव्हते. अंगद बांधावरून वाकून वाकून गेला.

मग एक गंमत झाली. सर हलेनात, म्हणून पक्ष्यांना ते खुंट वाटले असावेत. शेकाटे परत आले. एक त्यांच्या पाठीमागे उभा राहून पंख विंचरू लागला. आणि तो पट्टीवाला टिलवा पळत पळत थेट सरांच्या ढेरीसमोर आला, दोन हातांवर, आणि निवांत चिखल टोचू लागला. आयुष्यभर ज्याच्यासाठी माणसानं रानं पालथी घातली, ते समोर चालत आलं, आणि दोन्ही हात वर अडकलेले. कॅमेरा खाली घेतला तर नळी गाळात.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “बेटा,” ते म्हणाले, “ए... के... पुढे सात.”

आकांक्षानं वहीत लिहून घेतलं.

“नंतर तीन. अरे, वळला. थांब. हं, तीनच आहे.”

एवढं होईतो सव्वाअकरा वाजले होते. मी सूर्याकडे बघितलं. बाराला पाऊण तास. पोरीला एकटी सोडून गावात जाता येत नाही, पक्ष्यांना घालता येत नाही, आकांक्षा घरचीच, अंगद व्रतात. बावीस वर्षांत मी इतकी कधी अडकले नव्हते. या रानात एकच तोंड उरलं होतं, आणि ते चिखलात होतं.

माझा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर कधी गेलेला नाही. आमचे हे म्हणायचे, तुझी हाक ऐकू यायला आधी जेवायला बसावं लागतं. पण स्तब्ध पाण्यावरून बारीक आवाजही सरळ जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

“सर,” मी म्हणाले, “भूक लागली असंल.”

“नाही मावशी. एकला सुटेल.”

“धपाटे आहेत.”

“नको.”

“दह्यात भिजवलेत. वरून तीळ.”

सरांनी मान डब्याकडे वळवली.

“संगं ठेचा आहे.”

“...कसला?”

“हिरव्या मिरचीचा. लसूण ठेचून, शेंगदाण्याचा कूट घालून.”

आकांक्षा तोंडावर ओढणी दाबून हलत होती. मी लक्ष दिलं नाही. आग्रह करताना माणसानं हसणाऱ्याकडे बघू नये.

“चौदा तासांचंही चालतं म्हणतात,” सर हळूच म्हणाले, स्वतःशीच.

“लोणी पण आणलंय. घरच्या म्हशीचं.”

“मावशी,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता, “पण मी खाऊ कसा? हात तर वर आहेत.”

“हात लागतच न्हाईत. नेमच तसा आहे. मीच भरवायचं.”

सर “बरं” म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. फक्त माझ्या आणि त्या तोंडाच्या मधे वीस हात गाळ होता आणि शे-दीडशे पाहुणे.

पावणेबाराला अंगद आला, खांद्यावर चार फळ्या, गळ्यात दोर. त्यानं फळ्या एकीपुढे एक सरकवल्या, आवाज न करता. मग पहिलीवर पाय ठेवला तर फळी गपकन खाली गेली. त्यानं पाय काढून घेतला.

“आपलं काम न्हाई हे. हलकं माणूस पाहिजे.”

“मी जाते,” आकांक्षा म्हणाली.

आम्ही तिघांनीही तिच्याकडे बघितलं. होस्टेलच्या जेवणाला ती फार नावं ठेवते, पण ते तिला मानवलेलं आहे.

“काकू जातील,” अंगद म्हणाला. “एवढे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या. वजन काय राह्यलंय? दोर सरांच्या काखेतून बांधा फकस्त. पुढचं आम्ही दोघं बांधावरून वढतो.”

मी आकांक्षाकडे वळले. “तू सांगितल्याशिवाय उठायचं न्हाई, असा शब्द आहे.”

तिनं चिखलावरचा थवा एकदा निरखला. “ऊठ,” ती म्हणाली. “पण सरळ त्यांच्या रोखानं जायचं नाही. डावीकडून. वाकून. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. त्यांनी माना वर केल्या की तूही थांबायचं. परत खायला लागले की मग पुढचं पाऊल.”

“बाराच्या आत पोचेन का?”

“ते त्यांच्यावर आहे, आत्या.”

मी चपला बांधावर काढल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट केला, दोराचं टोक कमरेला खोवलं. धपाट्याचा घास लोणी लावून आधीच करून घेतला, उजव्या हातात धरला. डबा आकांक्षाकडे दिला. चिखलातून सरांनी मान वळवून बघितलं आणि तोंड उघडून ठेवलं, लहान मूल ठेवतं तसं.

पहिली फळी थंडगार होती. शेकाट्यांनी माना वर केल्या. मी थांबले. त्यांनी माना खाली घातल्या. मी दुसरं पाऊल टाकलं.