रक्त सोडल्यावर

नवं मूत्रपिंड बसवून आठ दिवस झाले, तरी पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी कोरडी ठणठणीत. प्रूफं तपासण्यात उभा जन्म गेलेल्या बाईंना ही चूक कुठे दुरुस्त करायची तेच कळेना. चार वर्षं डायलिसिस काढलं, मग कुणा परक्या मृत माणसाचं मूत्रपिंड बर्फाच्या पेटीतून एकोणीस तासांनी आलं, जुळलं, बसलं. आणि डायलिसिस चालूच.

धाकटा भाऊ डबा घेऊन आला की आधी पिशवीकडे बघायचा.

"बहीण इकडे आहे," त्या खेकसल्या.

राग काढायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातला 'रूग्ण' पेनानं ऱ्हस्व करून टाकला.

सकाळी डॉक्टर आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना धरलंच. "रक्त सोडलं तसं मूत्रपिंड गुलाबी झालं, असं तुम्हीच म्हणालात."

"झालं होतं. पण बर्फात पेशी प्राणवायूवाचून कशाबशा तग धरतात. रक्त परत आलं की प्राणवायू एकदम अंगावर येतो, तो त्यांना पेलवत नाही. त्यातच पुष्कळ मरतात."

"म्हणजे उपासात तगल्या आणि जेवणानं मेल्या."

"साधारण तसंच."

"मग बेतानं सोडायचं होतं."

"त्यावर बरीच डोकेफोड चालू आहे. खात्रीचा उपाय हाती नाही. आणि रक्त सोडलं नसतं तर सगळ्याच गेल्या असत्या. उरलेल्या पेशी वाढून मेलेल्यांची जागा घेतात, बहुतेकदा. दोन आठवडे लागतील, कदाचित तीन."

"त्यातलं 'बहुतेकदा' काढता येईल?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

दुपारी डायलिसिसला न्यायला नर्स आली, तर बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. येणार नाही म्हणाल्या. नर्सनं समजावलं, भावानं विनवलं. शेवटी तोही वैतागला.

"ताई, मी काय करू ते तरी सांग. माझं जुळलं असतं तर माझंच दिलं असतं."

त्या उठून चाकाच्या खुर्चीत बसल्या, पण वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

बाराव्या दिवशी नळीत पिवळसर काही दिसलं. मोजलं तर जेमतेम चार चमचे. भाऊ डोळे पुसायला लागला.

"नाटकं नकोत," त्या म्हणाल्या, आणि त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला.

पुढच्या आठवड्यात पिशवी रोज थोडी जास्त भरत गेली. तरी आणखी तीनदा डायलिसिसला जावं लागलं, आणि तिन्ही वेळा त्या चिडूनच गेल्या.